मधल्यांसाठी लिहिणारा

गोष्ट वाचून दाखवताना अप्पा ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे कधी बघायचा नाही. पायांकडे बघायचा. समोर ओळीनं बसलेल्या पोरांचे धुळीनं भरलेले पाय, कोणाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, कोणाच्या टाचा उललेल्या. एखादा पाय हलला, अंगठा माती उकरायला लागला, की अप्पा वाचता वाचता थांबायचा आणि कानावरची पेन्सिल काढून त्या ओळीवर काट मारायचा.

"तोंड खोटं बोलतंय, मुन्शीजी," तो मला म्हणायचा. "शेजारचा दादा वाचून राहिला म्हून पोरं तोंड हसरं ठिवत्यात. पायाला लाज न्हाई. कटाळा आला की पाय चालाया लागतो."

मी तहसील कचेरीत कारकून होतो आणि माझं उर्दू चांगलं होतं, म्हणून त्याच्या लेखी मी मुन्शीजी. त्याला सगळी गल्ली अप्पा म्हणायची. त्यांच्या लिंगायत घरांत पाळण्यातल्या पोरालाही अप्पाच म्हणतात, तेव्हा त्यात मोठेपणाचं काही नव्हतं. मूळचा चाकूरकडचा, नांदेडला मामाच्या कापडदुकानात कामाला. दुकानामागची त्याची खोली आणि आमचं घर यांची भिंत एकच होती. मोगलाईची, म्हणजे निजामाच्या राजवटीची, ती शेवटची वर्षं. आम्ही दोघंही पंचविशीच्या आसपासचे. त्याचं खरं नाव मी लिहीत नाही. तो हक्क माझा आहे असं मला वाटत नाही.

दुकानात त्याचं लक्ष बेताचंच. मामा गादीवर आणि हा खाली बैठकीवर तागे उलगडत, मांडीखाली पुस्तक. गिऱ्हाईक कापडाचा पोत चाचपायला लागलं की याची मान खाली गेलीच. एकदा नापसंत झालेल्या लुगड्याची घडी घालताना यानं आत पुस्तकच गुंडाळलं. थोड्या वेळानं दुसऱ्या बाईनं तेच लुगडं पसंत करून नेलं. संध्याकाळी तिचा नवरा पुस्तक घेऊन दारात उभा.

"लुगड्यातून हे निघालं. याचे वायले पैसे हायत का?"

मामा शांतपणे म्हणाले, "न्हाई. त्याच्यासंगं आमचा भाचा बी निघतो. त्यो बी घेऊन जावा."

सकाळी पूजेला बसला की डाव्या तळहातावर इष्टलिंग आणि समोर पाटावर, भस्माच्या डबीला टेकवून ठेवलेलं उघडं पुस्तक. मामी करवादायची. हा म्हणायचा, "एक डोळा देवावर हाय की, मामी. दोन कामून दिलेत मग त्यानं?"

वाचायला त्याला काहीही चालायचं. चौकातल्या अत्तरवाल्याकडं उर्दू कादंबऱ्या भाड्यानं मिळायच्या, त्या यानं फडशा पाडल्यासारख्या वाचल्या. गुप्तहेर, तिलिस्मी किल्ले, जहाजं, बेटं. समुद्र त्यानं जन्मात पाहिला नव्हता, पण वादळात शीड कसं उतरवतात ते तो मला मामाच्या मांजरपाटाचं शीड करून दाखवायचा. शेवटची पानं गळालेली पुस्तकं त्याला विशेष प्रिय. अत्तरवाला ती निम्म्या भाड्यात द्यायचा. "शेवट न्हाई म्हून स्वस्त मिळतंय, आन् शेवट आपुनच लावायचा म्हून जास्त मिळतंय," असा त्याचा व्यवहार. मराठी पुस्तकं मात्र इंग्रजी हद्दीतून यायची, आणि नाक्यावर मराठी छापील कागद दिसला की शिपायाच्या भुवया वर जायच्या. म्हणून तिकडून लातूरच्या पेठेमार्गे येणाऱ्या कापडाच्या गाठींत, एखाद्या ताग्याच्या पोटात, त्याचा कोणी दोस्त पुस्तक गुंडाळून पाठवायचा. गाठ फुटली की हा सगळे तागे हातानं दाबून बघायचा, बाजारात कलिंगड दाबून बघतात तसा.

तुम्हीही वाचणारी माणसं पाहिली असतील. पण वाचून झाल्यावर हळहळणारा मी तो एकच पाहिला. पुस्तक मिटलं की म्हणायचा, "हे बी मधल्यांसाठी न्हाई."

मधले म्हणजे कोण, हे एकदा मी विचारलं.

"बारक्यान्ला राक्षस पुरतो, मुन्शीजी. मोठ्यान्ला संसार पुरतो. पन ज्याचा आवाज चिरकून राहिला, ज्या पोरीला आता अंगनात खेळू नगं म्हन्तेत, त्यान्ला कोन लिहितंय? घरातबी त्यान्ला कोनी धड बोलत न्हाई. काम सांगायचं आसलं की मोठं, मधी बोललं की बारकं."

आणि तो त्यांच्यासाठी लिहायचा. ताग्यांच्या आत जो जाड कागद येतो, त्याच्या कोऱ्या बाजूवर. प्रकरण झालं की कागदांना भोक पाडून कापडाच्या किनारीनं बांधायचं. छापायचं म्हटलं तर परवानगी, आणि परवानगी मागायची म्हटलं तर आधी नजरेत यायचं. म्हणून ती प्रकरणं तशीच हातोहात घरोघर फिरायची. चौथं एकाकडं असायचं तर पहिलं भलत्याच गल्लीत.

शुक्रवारी कचेऱ्या-शाळा बंद. दुपारी वाचनालयाच्या मागच्या ओट्यावर वाचन चालायचं. पोरं ओट्यावर, तीन-चार पोरी आतल्या दाराच्या उंबऱ्याशी. त्यांत माझी धाकटी बहीण. मी कडेला, हातात कुठलं तरी उर्दू वर्तमानपत्र धरून, मी ऐकायला आलेलोच नाही अशा थाटात. सरकारी नोकरानं अशा घोळक्यात बसणं बरं दिसत नव्हतं. पण एकही शुक्रवार मी चुकवला नाही.

त्याचा एक नियम होता. माणसं मनातली, गोष्ट मनातली, पण जागा खरी पाहिजे. "पोरं उठून बगून येतेत. हीर खरी निघाली की मग बाकीचं समदं खरं मानतेत." त्यामुळे त्याच्या गोष्टीतली मुलं नांदेडच्याच गल्ल्यांतून पळायची, गोदावरीच्याच पायऱ्यांवर धापा टाकत बसायची.

शेवटची जी गोष्ट त्यानं लिहायला घेतली, तिच्यात तीन मुलं आणि एक मुलगी होती. दरोडेखोरांनी एका वऱ्हाडावर घालायच्या घाल्यासाठी बंदुका लपवलेल्या असतात. त्या या चौघांना सापडतात. मोठी माणसं त्यांचं ऐकून घेत नाहीत, म्हणून ही मुलंच बंदुका दुसरीकडे हलवतात. कुठं हलवायच्या, यासाठी अप्पाला जागा हवी होती. एका सुट्टीच्या दिवशी तो मला घेऊन अर्धापूरच्या रस्त्याला गेला.

केळीची बाग होती. कडेला पायऱ्यांची जुनी विहीर. अप्पा निम्म्या पायऱ्या उतरला आणि भिंतीतला एक कोनाडा हातानं मोजायला लागला. वरून बागेचा राखणदार म्हातारा ओरडला, "काय सांडलं रं?"

"गोष्ट सांडली, बाबा."

"घावली का?"

"घावली. तुमच्या हिरीत पोरं बंदुका लपिवणार हायत. चालंल न्हवं?"

म्हातारा हसला. "माजं नाव घालत आसशील तर लपीव." त्यानं आम्हाला केळी दिली. परत येताना अप्पा अर्धं केळं हातात तसंच धरून बोलत होता. म्हाताऱ्याला कसा आणायचा, तो मुलांना कसा सामील होईल. मी हे इतकं सांगतो आहे कारण त्या गोष्टीचा एकेक दगड कुठून आला ते मला ठाऊक होतं. माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग निजामाविरुद्धच्या चळवळीचं ते वाईट वर्ष आलं. रात्री-अपरात्री दारं वाजायला लागली. लोक हद्द ओलांडून निघून जायला लागले. वाचनालयावर पोलिसांची झडती आली आणि मराठीत जे काही लिहिलेलं सापडलं ते सगळं पोत्यात भरून त्यांनी नेलं. त्यात किनारीनं बांधलेली अप्पाची दोन प्रकरणं होती. मधली. आधीची कुठल्या तरी पोराच्या घरी होती, पुढची लिहायची होती.

चौकीवरच्या फौजदारांना, अमीनसाहेबांना, मराठी वाचता येत नव्हतं. मराठीचा उर्दू तर्जुमा करून देणारा त्यांचा माणूस आजारी होता, म्हणून कागद आमच्या कचेरीत आले आणि माझ्यापुढं पडले. बाहेर कोणाला याचा पत्ता नव्हता.

अमीनसाहेब तसे सौम्य गृहस्थ. माझ्या टेबलाशी उभं राहून म्हणाले, "मुन्शीजी, क्या लिखे सो मुख्तसर में लिख देव. लंबे किस्से नक्को."

मुख्तसर, म्हणजे थोडक्यात. कचेरीत तर्जुम्याची एक रीत असते. बोलणं गाळायचं, हसणं-रडणं गाळायचं, पावसाचं-उन्हाचं गाळायचं. कोणी, काय, कुठं, एवढंच ठेवायचं. वर्षानुवर्षं शेताच्या भांडणांचे आणि वारसांच्या तक्रारींचे कागद मी तसेच उतरवले होते. तसाच हाही उतरवला. कचेरीच्या कागदात मूल नसतं, इसम असतो. तेव्हा मुलगी आणि तिचे तीन सोबती झाले 'चार इसम'. ते भुकेले होते, एकाच्या पायात काटा मोडला होता, मुलगी आईच्या भीतीनं रडत होती, हे गेलं. राखणदार म्हाताऱ्याच्या विनोदाचं झालं, 'बागेचा राखणदार यात सामील आहे.' राहिलं ते एवढंच की नांदेडच्या चार इसमांनी अर्धापूर रस्त्यावरच्या अमुक बागेतल्या विहिरीत बंदुका लपवल्या आहेत.

लिहून झाल्यावर मी वाचून पाहिलं. सवयीनं झालं असं मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत आलो, पण ते अर्धंच खरं आहे. सवय लिहून होईपर्यंतच होती. वाचल्यावर मला सगळं दिसलं. खाली एक ओळ घालायची होती: ही मुलांसाठी रचलेली गोष्ट आहे. माझी लेखणी दौतीत बुडालीही होती. पण अमीनसाहेब विचारणार, तुम्हाला कसं माहीत? मग शुक्रवार निघणार, ओटा निघणार, माझं तिथं बसणं निघणार. नोकरी, आई, बहिणीचं लग्न, सगळं त्या एका ओळीवर येऊन बसलं. मी लेखणी पुसली आणि कागद वर पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विहीर उपसली. कोनाडा होता, अगदी लिहिला होता तसा. तो रिकामा असल्यामुळं त्यांचा संशय आणखी वाढला. म्हाताऱ्याला त्यांनी केळीच्या बागेतच झोडपलं. त्याचा एक हात नंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही.

ताग्याचा कागद आणि कापडाची किनार बघून ते दुकानापर्यंत आले आणि अप्पाला घेऊन गेले. मामा मागोमाग चौकीपर्यंत गेले आणि डोक्यावरची पगडी हातात घेऊन परत आले. चौकीत काय झालं ते मला तिथल्या हवालदारानं पानाच्या ठेल्यावर सांगितलं, हसत हसत.

"अमीनसाहेब पूछे, बंदूकाँ वहाँ से कहाँ गए? तो बोलता क्या, साहेब, तिथवर अजून लिहून झालं न्हाई."

हवालदाराला वाटलं, काय मिजास आहे. अमीनसाहेबांनाही तेच वाटलं. मला तेवढं ठाऊक होतं की तो खरं बोलत होता. बंदुका पुढं कुठं जातील हे अप्पाचं अजून ठरलं नव्हतं. मागच्याच आठवड्यात त्यानं मला विचारलं होतं, "नदीत टाकाव्या का पुराव्या, मुन्शीजी?"

मी सुपारी चघळत हवालदाराबरोबर हसलो. हे लिहायला मला एवढी वर्षं लागली.

घरी बहीण माझी वाट बघत दारात बसलेली. तेरा-चौदाची असेल.

"दादा, तू कचेरीत असतोस. तू सांग ना त्यांना, ती गोष्ट आहे म्हणून."

"आपल्याला त्यात पडायचं नाही."

"पण तुला माहीत आहे ना? तू होतास ना तिथं?"

"मी पेपर वाचत होतो."

ती उठून आत गेली. तिनं त्यानंतर माझ्याशी वाद घातला नाही, लग्न होऊन जाईपर्यंत नाही. आईला वाटायचं, पोरगी समजूतदार झाली.

अप्पाला आधी नांदेडला ठेवलं, मग दूरच्या तुरुंगात हलवलं. निजामी संपली तेव्हा दारं उघडली आणि तो परत आला. केस कापलेले, खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आलेली. गावात मिरवणुका चालल्या होत्या. तुरुंगातून आलेल्यांना लोक हार घालत होते. यालाही घालायला गेले तर म्हणाला, "मी काय केलं न्हाई. मी नुसतं लिहीत होतो." लोकांना तो विनय वाटला.

संध्याकाळी भिंतीवर टकटक करून त्यानं मला बोलावलं. मामीनं भाकरी वाढून दिली होती, ती पुढ्यात तशीच.

"मुन्शीजी, माझी गोष्ट त्यायनी मला उर्दूत वाचून दाखिवली. मला वळखूच आली न्हाई. माझी पोरंच न्हवती तिच्यात. नुसत्या बंदुका होत्या."

मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला.

"कोन्या दगडानं केला आसंल तर्जुमा, कोन जाने. तुमच्या हातात पडला असता ना, तर माझी पोरं वाचली असती. आन् म्हातारा बी."

तुम्ही म्हणाल, हीच वेळ होती. होती. निजामी गेली होती, अमीन गेले होते, नोकरीला धोका उरला नव्हता. समोर फक्त तो आणि त्याची गार होत चाललेली भाकरी. मी म्हटलं, "जेवा आता." आणि उठून घरी आलो.

काही दिवसांनी तो अर्धापूरच्या बागेत जाऊन आला. म्हाताऱ्याच्या पाया पडला म्हणे. मग नांदेड सोडून चाकूरला गेला आणि वडिलांच्या दुकानात बसला.

बरीच वर्षं मी तिकडं फिरकलो नाही. एकदा बदलीच्या निमित्तानं लातूरला होतो, तेव्हा मनाशी ठरवून चाकूरला उतरलो. मोटारीत मी पहिलं वाक्य घोकत होतो. अप्पा, तो तर्जुमा मी केला होता. दुकानात तो गादीवर होता, अंगानं भरलेला, कपाळावर भस्माचे पट्टे. मला बघून उठला, हात धरून बसवलं, चहा सांगितला. सदऱ्याचं कापड स्वतः मोजून दिलं, गजाच्या पुढं चार बोटं जास्त. पैसे घेईना.

"वाचता का हल्ली?" मी विचारलं.

"वाचतो की. ते कुठं सुटतंय."

"आणि लिहिणं?"

त्यानं कापडाची घडी घातली, हात फिरवून ती सारखी केली.

"न्हाई. मी हीर लिहिली, तर लोक जाऊन हीर उपसतेत. आन् मार दुसराच खातो." घडी बाजूला ठेवून म्हणाला, "त्या म्हाताऱ्याचा हात बगितला व्हता मी. त्यो माझ्यामुळं गेला, मुन्शीजी. मला खरी जागा लागायची ना. हट्ट व्हता माझा. खोटी हीर लिहिली असती तर कुनाचं काय बिघडलं असतं?"

त्यानं सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता आणि इतकी वर्षं तो वागवत होता. माझा दोष. मी एक वाक्य बोललो असतो तर तो तिथल्या तिथं खाली ठेवून मोकळा झाला असता. कदाचित माझ्या तोंडावर थुंकला असता, आणि रात्री कागद घेऊन बसला असता. चाकूरच्या पोरांनाही शुक्रवार नाही तर रविवार मिळाला असता. हे मला त्या क्षणी दिसत होतं. चहा आला. मी प्यालो. "मोटार चुकेल" म्हणून उठलो.

नांदेडला पहिल्यांदा मी भ्यालो, ते निदान समजण्यासारखं आहे. चाकूरला मला भिववणारं कोणी नव्हतं. तो मला भला समजत होता, आणि ते समजणं मला सोडवलं नाही. एवढंच.

गेल्या श्रावणात मामाच्या मुलाकडून निरोप आला की अप्पा गेला. मी मिळेल त्या गाडीनं गेलो. पोचलो तेव्हा त्याला बाहेर ओसरीवर बसवलं होतं. त्यांच्यात माणसाला झोपवून नेत नाहीत. मांडी घालून, भिंतीला टेकवून, समाधीला बसल्यासारखं बसवतात आणि तसंच बसलेलं मातीत ठेवतात. गळ्यात माळा, कपाळभर भस्म. लोक एकेक करून पुढं जात होते, बेलाचं पान वाहत होते, नमस्कार करून बाजूला होत होते.

झोपलेल्या माणसापुढं आपण वाकतो, त्याच्या पायाशी बघतो, सुटतो. बसलेल्या माणसापुढं आपण समोरासमोर येतो. माझी पाळी आली तेव्हा आमची तोंडं एका उंचीवर होती. मी बेल वाहिला. माझे ओठ हलले असावेत, कारण शेजारी उभा असलेला त्याचा मोठा मुलगा माझ्याकडं वळला. बापासारखाच रुंद कपाळाचा.

"काही म्हन्लात का, काका? तुमी कोन?"

माझ्यामागं रांग होती. उन्हं चढत होती.

"शेजारी," मी म्हणालो. "नांदेडला शेजारी होतो आम्ही."

"हाव का? अप्पा लई नाव काढायचे नांदेडचं." त्यानं माझा हात धरला आणि मागच्या म्हाताऱ्याला वाट करून द्यायला मला हळूच बाजूला घेतलं.